सावलीचे पैसे वेगळे

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत रंगवलेली बायकांची व्यक्तिचित्रं पाहिली, की पाहणाऱ्याच्या मनात हमखास एक प्रश्न येतो. गडद पोशाख, पांढऱ्या लेसची कॉलर, हातात छोटंसं पुस्तक, थेट आपल्याकडे रोखलेली नजर. पण गालाला गोलाई नाही. खांद्याखाली हाड असल्याचं जाणवत नाही. बोटं एकसारखी लांब, कुठे सांधा म्हणून दिसत नाही. ‘ह्या चित्रकाराला नीट चित्र काढता येत नव्हतं का?’

प्रश्न रास्त आहे. त्याच देशात, त्याच काळात गिल्बर्ट स्टुअर्टसारखा चित्रकार काम करत होता. अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवरचा वॉशिंग्टनचा चेहरा त्याच्याच चित्रावरून घेतलेला आहे. स्टुअर्टने रंगवलेल्या चेहऱ्यांतून रक्त खेळतंय असं वाटतं. मग थोड्या अंतरावरच्या खेड्यातली बाई अशी सपाट का? काही चित्रकारांना खरोखरच शिक्षण मिळालं नव्हतं, हे खरं. पण तेवढ्यावर थांबलो तर गोष्टीचा मोठा भाग निसटतो. ह्या प्रश्नाचं उत्तर कलाशाळेत कमी आणि बाजारात जास्त सापडतं. तेव्हा सुरुवात बाजारापासूनच करू.

१. चित्रकार दारात येतो

१८०० ते १८४० हा काळ घ्या. मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि न्यूयॉर्क राज्याचा ग्रामीण भाग. नद्यांच्या काठी गिरण्या उभ्या राहत होत्या, गावोगाव डॉक्टर, वकील, दुकानदार स्थिरावत होते. अशा घरांत पहिल्यांदाच चार पैसे गाठीला लागले होते आणि आपलं माणूस भिंतीवर असावं ही हौस आली होती. कॅमेरा अजून यायचा होता. मोठ्या शहरातल्या नामांकित चित्रकाराकडे जायचं तर प्रवास, मुक्काम आणि वर त्याचा मेहनताना. स्टुअर्ट छातीपर्यंतच्या चित्राचे १०० डॉलर घेत असे. साध्या मजुराला दिवसाकाठी साधारण एक डॉलर मिळण्याचे ते दिवस होते. म्हणजे एका चित्रापायी तीन महिन्यांहून जास्त मजुरी खर्ची पडणार.

त्यामुळे चित्रकारच गावात येई. खानावळीत किंवा गिऱ्हाइकाच्या घरीच उतरे, स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात देई, एका घरचं काम पाहून शेजारचं घर त्याला बोलावे, आणि गावातली कामं संपली की तो पुढचं गाव गाठे. यातले बरेच जण आधी दुकानांच्या पाट्या, गाड्या किंवा घरं रंगवणारे होते.

चेस्टर हार्डिंगची हकिगत बोलकी आहे. पिट्सबर्गमध्ये तो पाट्या रंगवत असे. नेल्सन नावाच्या एका फिरत्या चित्रकाराकडून त्याने स्वतःचं आणि बायकोचं चित्र काढून घेतलं. प्रत्येकी दहा डॉलर. पण नेल्सनने आपलं कसब त्याला पाहू दिलं नाही. तेव्हा हार्डिंगने घरी पाट्यांचेच रंग काढले, बायकोला समोर बसवलं आणि स्वतःच रंगवायला घेतलं. फळीवर बायकोसारखं काहीतरी उमटलेलं पाहून तो आनंदाने वेडापिसा झाला, असं त्याने पुढे लिहून ठेवलं आहे. त्यानंतर काही काळातच केंटकीतल्या पॅरिस नावाच्या गावात सहा महिन्यांत त्याने शंभराच्या आसपास चेहरे रंगवले, दर चेहऱ्याला २५ डॉलर. त्याची सगळी कारकीर्द बायकोच्या त्या एका चित्रातून उगवली.

ह्या धंद्यात बायकाही होत्या. डेबोरा गोल्डस्मिथ ही न्यूयॉर्क राज्यातली तरुणी. वृद्ध आईवडिलांना हातभार लावण्यासाठी ती घरोघरी राहून चित्रं काढू लागली. थ्रूप नावाच्या कुटुंबाची चित्रं काढता काढता त्याच घरातल्या मुलाशी तिचं १८३२ मध्ये लग्न झालं. १८३६ मध्ये, तिशीही न गाठता, ती गेली. मॅसॅच्युसेट्समधला जोसेफ व्हाइटिंग स्टॉक अकरा वर्षांचा असताना बैलगाडीचा सांगाडा अंगावर कोसळून कमरेखाली लुळा झाला होता. एका डॉक्टरने त्याच्यासाठी चाकांची खुर्ची बनवली, आणि त्या खुर्चीतून फिरून त्याने इतकी चित्रं काढली की त्याच्या स्वतःच्या रोजनिशीत नऊशेहून जास्त कामांची नोंद आहे. कोणाचं चित्र, केवढं, किती पैसे, सगळं. ह्या चित्रकारांना भाबडे, भोळे म्हणण्याची जुनी पद्धत आहे. स्टॉकची रोजनिशी वाचणारा तसं म्हणणार नाही. तो पक्का व्यावसायिक होता.

बड्या चित्रकारांनाही ह्या धंद्याचा हेवा वाटे. जॉन व्हँडरलिन पॅरिसमध्ये शिकून आलेला, भव्य ऐतिहासिक विषय रंगवणारा. १८२५ मध्ये पुतण्याला लिहिलेल्या पत्रात त्याने ॲमी फिलिप्स या फिरत्या चित्रकाराचा दाखला दिला. पुन्हा आयुष्य सुरू करायची संधी मिळाली तर आपणही असंच गावोगाव फिरून स्वस्तातली, झटपट चित्रं काढू, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. त्यात फिलिप्सच्या गिऱ्हाइकांना चित्रातलं फारसं कळत नाही असा टोमणाही आहे. फिलिप्सचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२. सपाट म्हणजे नेमकं काय

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कागद सपाट असतो, कॅनव्हासही सपाट असतो. त्यावर काढलेला गाल गोल कशामुळे दिसतो?

उजेडामुळे. बाई खिडकीजवळ बसली आहे आणि खिडकी तिच्या उजव्या हाताला आहे असं धरा. तिचा उजवा गाल उजळ असेल. तिथून डावीकडे जाताना रंग हळूहळू मंद होत जाईल. डाव्या जबड्यापाशी तो सर्वांत गडद असेल. आणि अगदी कडेला, कॉलरच्या पांढऱ्या लेसवरून उसळलेला थोडासा उजेड पुन्हा दिसेल. उजळ, मध्यम, गडद आणि कडेचा परतलेला उजेड, असे हे चार टप्पे आहेत. ते एकमेकांत बेमालूम मिसळले की डोळ्याला गोलाई दिसते. यालाच छायाप्रकाश म्हणतात.

मिसळणं वेळखाऊ असतं. तैलरंग जवसाच्या तेलात कालवलेले असतात, ते सावकाश वाळतात. एक थर वाळल्यावर दुसरा द्यायचा तर मध्ये दिवस जातात. बाईला पुन्हा पुन्हा त्याच जागी, त्याच उजेडात बसवावं लागतं. चित्रकाराचे दिवस वाढतात, तसे पैसेही वाढतात.

उलट सपाट चित्राचं काम सुटसुटीत. चेहऱ्याची बाह्यरेषा पक्की करायची. आत त्वचेचा एकच रंग भरायचा. गालावर थोडा गुलाबी. नाकाच्या एका बाजूने आणि हनुवटीखाली गडद रेघ. डोळे, भुवया, ओठ मात्र नेमके, कारण ‘ही आपलीच आई’ हे ओळखायला तेच लागतात.

हा फरक चित्रकारांना आणि गिऱ्हाइकांना चांगला ठाऊक होता, याचा लेखी पुरावा आहे. विल्यम मॅथ्यू प्रायर हा मेन राज्यातला चित्रकार, जन्म १८०६. १८३१ मध्ये त्याने तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तिचा आशय असा: ज्यांना सपाट चित्र हवं असेल त्यांना छटा आणि सावली नसलेलं, पण हुबेहूब ओळखू येणारं चित्र पाव किमतीत काढून मिळेल. पुढे बोस्टनला गेल्यावर त्याच्या स्वस्त चित्रांच्या पाठीमागे छापील चिठ्ठी असे. तासाभराच्या बैठकीत चित्र तयार. काच आणि चौकटीसह किंमत २ डॉलर ९२ सेंट. एकच माणूस, एकच हात, पण दर दोन. गोलाई हवी तर तिचे पैसे वेगळे.

आता एक छोटा हिशेब करून पाहू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पावपटीचं प्रमाण मात्र प्रायरचंच. समजा पूर्ण छायाप्रकाशाचं चित्र १२ डॉलरला पडतं. म्हणजे सपाट चित्र ३ डॉलरला. एका घरात नवरा, बायको आणि दोन मुलं आहेत आणि खर्च करायला १२ डॉलर आहेत. गोलाई घ्यायची तर भिंतीवर एकच माणूस लागणार, आणि तो कोण असेल हे त्या काळच्या घरात विचारायची गरज नव्हती. सपाट घ्यायचं तर चौघंही लागणार.

मला ह्या चित्रांबद्दल जे सांगायचं आहे ते इथे आहे. सावली वगळली गेली म्हणून असंख्य साध्या घरांतल्या बायका चौकटीत आल्या. शेतकऱ्याची, सुताराची, किराणा दुकानदाराची बायको, तिची विधवा सासू, तिची मुलगी. शंभर डॉलरच्या दराने यांतल्या कितीजणींचा चेहरा आपल्यापर्यंत पोचला असता?

आणि पैसे वाचवायचे म्हणून चित्रकाराने हात सगळीकडेच आखडता घेतला असंही नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात फिलिप्सने काढलेलं मिसेस मेयर आणि त्यांच्या मुलीचं चित्र आहे, १८३५ ते १८४० दरम्यानचं. अशा चित्रांत लेसकडे जवळून पाहावं. आधी काळ्या पोशाखावर पातळ पांढरट थर, इतका पातळ की खालचा काळा जाणवत राहतो. त्यावर दाट पांढऱ्याचे ठिपके आणि वळणं, एकेक करून मांडलेली. अशा लेसला फार वेळ जातो. जबड्याच्या सावलीवर वाचवलेला वेळ इथे खर्च झाला आहे. लेस अनेकदा घरी, स्वतःच्या हाताने केलेली असे किंवा महागाची विकत घेतलेली. ती नीट दिसली पाहिजे हा आग्रह समोर बसलेल्या बाईचा असणार, असंच मला वाटतं.

३. नॅन्सी लॉसन

प्रायरचंच एक चित्र सावकाश पाहू. साल १८४३, गाव बोस्टन. चित्रातल्या बाईंचं नाव नॅन्सी लॉसन. त्या कृष्णवर्णीय आहेत. त्यांचे पती विल्यम लॉसन कपड्यांचे व्यापारी होते, आणि त्यांचंही जोडचित्र आहे. त्यात त्यांच्या हातात सिगार आहे. दोन्ही चित्रं व्हरमाँट राज्यातल्या शेलबर्न संग्रहालयात आहेत.

नॅन्सीबाई खुर्चीत बसल्या आहेत. मागे लाल पडदा, बाजूला खिडकीतून दिसणारा निसर्ग. पडदा आणि खिडकी ही श्रीमंतांच्या व्यक्तिचित्रांतली ठरलेली सजावट होती. प्रायरने ती इथे जशीच्या तशी दिली आहे. डोक्यावर आणि गळ्याशी पांढरी लेस. आणि हातात पुस्तक. पुस्तक नुसतं धरलेलं नाही. पानांमध्ये एक बोट खोचलेलं आहे. वाचता वाचता कुणी आलं, म्हणून खूण ठेवून मान वर केली, असा तो हात आहे.

पुस्तक हातात घेतलेल्या गोऱ्या बायकांची चित्रं त्या काळात ढिगाने आहेत, त्यामुळे डोळा सहज पुढे सरकतो. इथे थांबायला हवं. १८४३ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी होती आणि तिथल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी अठराव्या शतकातच संपली होती, तरी खुद्द बोस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. ती विभागणी कायद्याने बंद झाली १८५५ मध्ये. अशा शहरात, अशा साली, ह्या बाई पानात बोट ठेवून समोर बघत आहेत. त्यांना वाचता येतं, त्या वाचत होत्या आणि आपण गेलो की पुन्हा वाचणार आहेत.

आता चेहरा पाहा. इथे प्रायरने छटा दिल्या आहेत. कपाळ उजळ, गालाची कडा मंद, ओठांखाली हलकी सावली. २ डॉलर ९२ सेंटांची ही पद्धत नव्हे. लॉसन कुटुंबाने सावलीचे पैसे मोजले होते. त्या काळी वर्तमानपत्रांत आणि स्वस्त छापील चित्रांत कृष्णवर्णीय माणसांची विद्रूप, हिणवणारी रूपं सर्रास छापली जात. त्याच बाजारातून लॉसन दाम्पत्याने पैसे देऊन स्वतःचं सन्मानाचं रूप घडवून घेतलं. प्रायर स्वतः गुलामगिरीच्या विरोधात होता आणि बोस्टनमधल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची चित्रं काढणाऱ्या मोजक्या गोऱ्या चित्रकारांपैकी होता. त्याचा हा मोठेपणा मान्य करूनही मी ह्या चित्राचं निम्मं श्रेय नॅन्सीबाईंना देईन. पुस्तकात बोट कुठे ठेवायचं हे त्यांचं त्यांनाच ठाऊक होतं.

४. तयार धडांची अफवा

ह्या चित्रकारांबद्दल एक गोष्ट वारंवार सांगितली जाते. हिवाळ्यात घरी बसून ते डोकं नसलेली धडं रंगवून ठेवत आणि उन्हाळ्यात गावोगाव फिरून त्यावर गिऱ्हाइकांचे चेहरे बसवत, अशी. गोष्ट पसरण्याचं कारण उघड आहे: एकाच चित्रकाराच्या चित्रांत तोच पोशाख, तीच खुर्ची, तेच हात पुन्हा पुन्हा दिसतात. फिलिप्सच्या लाल फ्रॉकमधल्या मुली प्रसिद्ध आहेत. त्यांतल्या मांजर आणि कुत्र्यासह असलेल्या मुलीच्या चित्राचं अमेरिकेने १९९८ मध्ये टपाल तिकीट काढलं. अशाच लाल फ्रॉकमधली आणखीही मुलं त्याने रंगवली आहेत.

पण ही पद्धत खरी असती तर आजवर कुठल्यातरी माळ्यावर निदान काही बिनडोक्याची धडं सापडायला हवी होती. तशी ती सापडलेली नाहीत. पोशाख सारखा दिसतो, कारण चित्रकाराच्या हातात एक बसलेली मांडणी होती. ती वापरली की वेळ वाचे आणि वाचलेला वेळ चेहऱ्याला देता येई. शिवाय शेजारणीच्या चित्रासारखंच आपलंही हवं, ही मागणी गिऱ्हाइकांकडूनही येत असणार.

५. सही नाही, मग चित्र कोणाचं?

ह्या चित्रांपैकी बहुतेकांवर सही नसते. मग अमुक चित्र फिलिप्सचं, तमुक प्रायरचं हे जाणकार कशावरून सांगतात?

एकाच घरात आई आणि काकू दोघी वरण करतात. डाळ तीच, फोडणी तीच, मीठही तेवढंच. तरी पहिल्या घासाला घरातला पोरगा सांगतो, आज काकूने केलंय. हाताची चव लपत नाही. चित्रकाराच्या हाताचंही तसंच असतं, आणि ती चव सापडते ती त्याने फारसं लक्ष न देता रंगवलेल्या जागी. डोळे आणि ओठ रंगवताना प्रत्येक चित्रकार समोरच्या माणसाकडे नीट बघतो. कानाची पाळी, नखं, केसांची कड, खुर्चीवरचे खिळे रंगवताना मात्र हात सवयीने चालतो. इटालियन अभ्यासक जोव्हान्नी मोरेल्ली याने एकोणिसाव्या शतकात ह्या निरीक्षणाची रीतसर पद्धत बनवली आणि जुन्या इटालियन चित्रांचे कर्ते ठरवायला कान आणि नखं तपासली. अमेरिकी लोकचित्रांच्या अभ्यासकांनाही ती उपयोगी पडली.

तरी हाताची चव फसवूही शकते. याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे आपला ॲमी फिलिप्स. १९२४ मध्ये कनेक्टिकटमधल्या केंट गावी जुन्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. त्यात बायकांची काही विलक्षण चित्रं होती: काळोखी पार्श्वभूमी, लांब मान, कमरेतून किंचित पुढे झुकलेलं शरीर. चित्रकार अज्ञात, म्हणून अभ्यासकांनी त्याला केंटचा चित्रकार असं नाव देऊन ठेवलं. दुसरीकडे, न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्सच्या सरहद्दीवरच्या गावांत थोडी आधीची, १८१०च्या दशकातली चित्रं सापडत होती. फिकट, मोतिया रंगांची, ताठ बसलेल्या माणसांची. तो सरहद्दीचा चित्रकार ठरला. दोन शैली, म्हणून दोन माणसं.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस बार्बरा आणि लॉरेन्स होल्ड्रिज या दाम्पत्याने एक जुनं चित्र विकत घेतलं. त्यावर ॲमी फिलिप्सची सही होती. बार्बराबाईंचा व्यवसाय वेगळाच. लेखक-कवींच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या केडमन कंपनीच्या त्या एक संस्थापक. पण सहीने त्यांना झपाटलं. त्यांनी जुने दस्तऐवज, कौटुंबिक कागद, वर्तमानपत्रं चाळली, आणि पुढे अभ्यासक मेरी ब्लॅक यांच्या साथीने हळूहळू उलगडलं ते असं: १७८८ मध्ये कनेक्टिकटच्या कोलब्रुकमध्ये जन्मलेला फिलिप्स हाच सरहद्दीचा चित्रकार आणि केंटचा चित्रकारही तोच. पन्नास वर्षांच्या कामात एका माणसाने आपली शैली मुळापासून बदलली होती. तज्ज्ञांनी नुसत्या डोळ्यांवर विसंबून एकाचे दोन केले होते. जन्माच्या, लग्नाच्या आणि जमिनीच्या नोंदींनी दोघांना पुन्हा एक केलं. आज शेकडो चित्रं त्याच्या नावावर आहेत.

६. बाहीवरून साल

साल लिहिलेलं नसलं तरी ते दहा वर्षांच्या अंतरात बांधता येतं, आणि हे वाचकाला स्वतःला करून पाहता येईल. बायकांच्या चित्रांत ते पुरुषांच्या चित्रांपेक्षा जास्त नेमकं जमतं. काळा कोट वर्षानुवर्षं तसाच राहिला. बाही मात्र झपाट्याने बदलली.

कंबर पाहा. ती छातीच्या लगेच खाली बांधली असेल तर चित्र साधारण १८२० च्या आधीचं. मग बाह्या पाहा. खांद्यापासून कोपरापर्यंत भल्याथोरल्या फुगलेल्या आणि मनगटाशी घट्ट असतील, तर १८३० ते १८३५ ची वर्षं धरा. ही फॅशन १८३६ च्या सुमारास एकदम कोसळली. बाही अंगाबरोबर घट्ट, पोलक्याचं टोक पोटाशी खाली उतरलेलं, केस मधोमध भांग पाडून कानांवर ओढलेले, असं दिसलं की १८४० चं दशक. केसांत कासवाच्या पाठीचा उंच कंगवा असेल तर पुन्हा १८३० च्या आसपास यावं लागतं.

उदाहरण घेऊ. फुगीर बाह्या, डोक्यावर उंच कंगवा, कंबर जागच्या जागी. उत्तर: १८३० ते १८३५. पण त्याच चित्रात बाईंचं वय साठीच्या पुढे आहे आणि टोपी जुन्या घाटाची आहे, असं असेल तर? मग टोपीवर विश्वास ठेवू नये. म्हाताऱ्या बायका अनेकदा तरुणपणीच्याच घाटाची टोपी आयुष्यभर घालत. चित्रातल्या सर्वांत नव्या वस्तूवरून साल ठरवायचं, कारण चित्र तिच्या आधीचं असूच शकत नाही.

रंगांचंही तसंच. टायटॅनियमचा पांढरा रंग विसाव्या शतकात, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बाजारात आला. १८३५ च्या कॉलरमध्ये तो सापडला तर तेवढा भाग नंतर कुणीतरी दुरुस्त केलेला असणार, किंवा सगळं चित्रच बनावट.

७. मोर्सच्या स्टुडिओतला मुलगा

तारायंत्रामुळे जगाला माहीत असलेला सॅम्युएल मोर्स हा मुळात चित्रकार. तरुणपणी तोही न्यू हॅम्पशायरच्या गावांत १५ डॉलरला एक चेहरा रंगवत फिरला होता, आणि त्याच फिरतीत काँकर्ड गावी त्याला ल्युक्रेशिया वॉकर भेटली, जी पुढे त्याची पत्नी झाली. १८२४ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच्या स्टुडिओत इरॅस्टस सॉल्सबरी फील्ड नावाचा एकोणीस वर्षांचा खेड्यातला मुलगा शिकायला आला. शिक्षण जेमतेम तीन महिने चाललं आणि मोर्सच्या घरच्या दुःखाने थांबलं. फेब्रुवारी १८२५ मध्ये मोर्स वॉशिंग्टनमध्ये फ्रेंच सेनानी लाफायेतचं चित्र काढत असताना न्यू हेवनला ल्युक्रेशिया वारली. पत्र पोचून तो घरी येईपर्यंत तिचं दफनही झालं होतं.

फील्ड गावी परतला आणि फिरता चित्रकार झाला. एका दिवसात एक चेहरा, असा त्याचा झपाटा होता. बायकांची लेस तो ठिपक्याठिपक्यांनी इतकी सुरेख मांडे की त्याचं काम त्यावरूनच ओळखू येतं.

१८३९ मध्ये मोर्स पॅरिसमध्ये लुई दागेरला भेटला, त्याने चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर उमटवलेल्या प्रतिमा पाहिल्या आणि त्यांची बातमी अमेरिकेला कळवली. पुढे तो स्वतः ही कला शिकवू लागला. १८५० च्या दशकात असं छायाचित्र २५ सेंटांतही मिळू लागलं. दोन डॉलर ९२ सेंटांच्या सपाट चित्राला आता कोण विचारणार? छायाचित्रात सावली फुकट येत होती.

फील्ड हरला नाही. तो छायाचित्रण शिकला आणि छायाचित्रं समोर ठेवून चित्रं रंगवू लागला. ती चित्रं मी आवडीने पाहू शकत नाही. पत्र्यावरच्या प्रतिमेतला ताठरपणा त्यांत उतरला आहे, आणि लेसचे ते ठिपके थंड पडले आहेत. समोर बसलेल्या जिवंत बाईशी बोलत, तिच्या पसंतीने चाललेलं काम संपलं होतं. फील्ड १९०० मध्ये, ९५ वर्षांचा होऊन गेला.

८. ही चित्रं कुठे पाहावीत

पुढची साठ-सत्तर वर्षं ही चित्रं माळ्यांवर आणि जुन्या बाजारांत पडून होती. त्यांना खाली काढलं ते आधुनिक चित्रकारांनी. युरोपातल्या नव्या चित्रकलेने सपाट रंग आणि ठळक रेषा यांना मान मिळवून दिला होता, त्यामुळे १९२० च्या सुमारास अमेरिकी कलावंतांना आपल्याच आजी-पणजीची चित्रं नव्याने दिसली. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात होल्गर केहिलने लोककलेचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यातला बहुतेक संग्रह ॲबी ऑल्ड्रिच रॉकफेलर यांचा होता. तो आज व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला आहे. गार्बिश दाम्पत्याचा संग्रह वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी, मेट्रोपॉलिटन आणि इतर संग्रहालयांत वाटला गेला. शेलबर्न संग्रहालय १९४७ मध्ये इलेक्ट्रा हॅवमायर वेब यांनी उभारलं. त्यांच्या आईच्या घरी देगा आणि मोने यांची चित्रं होती. मुलीने दुकानांच्या पाट्या, गोधड्या आणि नॅन्सी लॉसनसारख्या बायकांची चित्रं जमवली.

यांतल्या बहुतेक संग्रहालयांची चित्रं त्यांच्या संकेतस्थळांवर मोठी करून पाहता येतात. नावांची यादी उघडली की मिसेस अमुक, मिसेस तमुक असं नवऱ्याचं नाव बरेचदा सापडेल आणि कित्येक ठिकाणी नुसतं ‘अनोळखी स्त्री’. ही ओळ कायमची नसते. चौकटीच्या मागची चिठ्ठी, बायबलच्या पहिल्या पानावरच्या जन्मनोंदी, स्टॉकच्या रोजनिशीतली एखादी ओळ जुळली की संग्रहालयं पाटी बदलतात, आणि बाईला तिचं स्वतःचं नाव मिळतं. शोध सुरू करायचा असेल तर आधी नॅन्सी लॉसन पाहा, मग फिलिप्सच्या मिसेस मेयर. चेहऱ्याआधी लेसकडे आणि बोटांकडे बघा.